पितृवियोग, मातृवियोग आणि बालरुग्ण

भूक मंदावली आहे, पोट वारंवार दुखते, रात्री दचकून उठतो, अशा तक्रारी घेऊन बालक आले की आपण नाडी, जिव्हा व कोष्ठ पाहतो. घरातून कोण दूर गेले आहे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो.

वस्तुतः हा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज हे दोन स्वतंत्र मानले आणि शोकजन्य ज्वरही सांगितला. आधुनिक काळात जॉन बोल्बी व जेम्स रॉबर्टसन यांनी वियोगी बालकाच्या तीन अवस्था वर्णिल्या: आक्रोश, नैराश्य व अलिप्तता. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपटही केला. त्यांच्या अभ्यासाचा बोध असा की, शांत झालेले मूल सावरलेलेच असते असे नाही.

या संदर्भात आमच्या कसबा पेठेचा इतिहास आठवतो. १६३६ मध्ये निजामशाही संपल्यावर शहाजीराजांना आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात जावे लागले. बंगळूर हे त्यांचे ठाणे झाले. थोरले पुत्र संभाजीराजे त्यांच्याजवळ राहिले. १६३० मध्ये जन्मलेले शिवाजीराजे मातोश्री जिजाऊंसह पुण्याच्या जहागिरीत, लालमहालात वाढले. मुरार जगदेवाने उद्ध्वस्त केलेले पुणे तेव्हा पुन्हा वसत होते. पिता दूर होता. परंतु सतत जवळ असणारी माता होती, नित्याचे शिक्षण होते आणि पित्याशी संबंध तुटलेला नव्हता. १६४० च्या सुमारास बालराजे बंगळुरास जाऊन काही काळ पित्याच्या सहवासात राहिले.

आज वियोगाची कारणे निराळी आहेत: परगावची वा परदेशची नोकरी, घटस्फोट, दीर्घ आजार, मृत्यू. बालकाची गरज मात्र तीच आहे.

म्हणून वैद्यबंधूंस व औषधालयचालकांस आमचे सुचवणे असे:

१. तक्रार केव्हा सुरू झाली व त्या सुमारास घरात काय घडले, हे पालकास एकांतात विचारावे.

२. बालकास त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगण्यास पालकांना प्रवृत्त करावे. आई 'उद्या येईल' अशी खोटी आशा लावू नये. मृत्यूला 'झोप' म्हणू नये. त्याने मूल झोपेलाच भिऊ लागते.

३. जेवण, शाळा व निद्रेच्या वेळा, तसेच सांभाळणारी व्यक्ती शक्यतो बदलू नये.

४. दूरच्या पालकाचे पत्र वा दूरध्वनी ठरल्या वेळी यावा.

५. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास भूतपिशाचाचे भय दाखवू नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानातच याचा निषेध आहे.

अरविंदासव वा ब्राह्मीघृत यांची योजना अग्नी, वय व बल पाहून अवश्य करावी. पण बाटली देऊन प्रश्न मिटला असे समजू नये. वजन घटणे, सततचा ज्वर वा मलातून रक्त दिसल्यास शारीरिक व्याधीचा शोध प्रथम घ्यावा. मूल पूर्णतः अबोल झाल्यास किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा बोलल्यास बालमानसतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये.

औषधाची मात्रा आपण वयानुसार ठरवितो. त्याच काळजीने बालकाचे दुःखही विचारावे, एवढीच आमची विनंती.