सर्व्हर स्लो झालाय, शेठ

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, वालीव-सातिवलीपासून गोखिवऱ्यापर्यंत, ही तक्रार बहुधा संध्याकाळी होते. दिवसभराची चलनं, बिलं, स्टॉकच्या नोंदी त्या वेळी एकदम भरल्या जातात. टेम्पो गाळ्यासमोर उभा असतो, ड्रायव्हर आत डोकावून "बिल झालं का?" विचारत असतो आणि पडद्यावर गोल चक्र फिरत असतं. संपादकांनी मला पाठवलं होतं ते इथल्या लघुउद्योगांच्या संगणकीकरणावर लिहायला. मालकांशी बोललो, सरकारी योजनांची नावं टिपून घेतली. मग एका गाळ्याच्या माळ्यावर सर्व्हर दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ भेटला आणि संगणकीकरण बाजूला पडलं.

त्याला सगळे 'सर' म्हणतात, तो मालकांना 'शेठ' म्हणतो. राहायला विरारला. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप, एक नेटवर्क केबल, स्क्रू ड्रायव्हर आणि धूळ उडवायचा ब्रश. दुरुस्ती करणारा माणूस आल्याआल्या झाकण उघडेल अशी माझी समजूत होती. यानं खुर्ची ओढून शेठना समोर बसवलं आणि विचारलं, "रिपोर्ट काढायला वेळ लागतो की एंट्री सेव्ह करायला?"

"अहो, सगळंच स्लो आहे!"

"दाखवा."

गेल्या वर्षाचा रिपोर्ट झटकन उघडला. एक साधी एंट्री सेव्ह व्हायला मात्र इतका वेळ लागला की शेठनी तेवढ्यात एक फोन उरकला. म्हणजे वाचणं ठीक, लिहिणं अडलेलं. सरांच्या मते निम्मं निदान इथेच होतं, आणि बहुतेक लोक हा प्रश्न न विचारताच नवी रॅम विकून मोकळे होतात. शेठच्या भाच्यानं एक भलीमोठी फाइल कॉपी करून 'स्पीड चांगला आहे' असा निर्वाळा आधीच दिला होता. सरांनी तो मोडीत काढला. मोठी फाइल सलग लिहिली जाते. बिलाच्या नोंदी छोट्या आणि विखुरलेल्या असतात, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीपाशी थांबून डिस्कला विचारतं, उतरली का? होकार आल्याशिवाय ते पुढे जात नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. आयबीएमची पहिली हार्ड डिस्क 1956 सालची: 24 इंची 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम 50 लाख अक्षरांची. पुढे 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी निबंध लिहून सुचवलं की एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांची रांग लावावी, आणि एखादी मेली तरी माहिती वाचेल अशी मांडणी करावी. याच मांडणीचं नाव रेड. आज वसईतल्या गाळ्यातही ती सापडते, मात्र ती कशी चालते हे घेणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सांगण्यासारखं पुष्कळ आहे. या माळ्यावरच्या सर्व्हरमध्ये सहा डिस्क होत्या, रेड-5 पद्धतीनं बांधलेल्या. या पद्धतीत प्रत्येक ओळीतल्या पाच डिस्कांवर मजकूर असतो आणि सहावीवर त्या पाचांचा ताळा. ताळ्याची जागा आळीपाळीनं सगळ्या डिस्कांवर फिरते. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा काढता येतो. पण याची किंमत लिहिताना मोजावी लागते. छोटीशी नोंद बदलायची तर जुना मजकूर वाचा, जुना ताळा वाचा, नवा मजकूर लिहा, नवा ताळा लिहा: एका कामाची चार कामं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कच्या एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलीसेकंद लागतात. त्यात वाचणारा हात योग्य जागी सरकायचा वेळ धरला, तर विखुरलेली कामं ती सेकंदाला 75-80च करू शकते. सहा डिस्कांची मिळून साडेचारशेच्या आसपास; भागिले चार. म्हणजे सेकंदाला शंभर-सव्वाशे लेखन, आणि समोर वीस माणसं एकाच वेळी बिलं फाडत बसलेली.

मग एरवी हे चालतं तरी कसं? इथे ती वस्तू येते जिच्यामुळे मी माळ्यावरून खाली उतरायला तयार नव्हतो. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये रेडचं एक कार्ड असतं. त्यावर थोडी स्मृती, साधारण 512 एमबी किंवा एक जीबी. टपाल आवक करणारा कारकून जसा कागद हातात पडताच पोच देतो आणि नोंद वहीत सवडीनं करतो, तसं हे कार्ड नोंद आपल्या स्मृतीत घेऊन लगेच 'उतरली' म्हणतं, आणि डिस्कवर मागाहून, जवळजवळच्या नोंदी एकत्र करून उतरवतं. प्रोग्रॅम सुटतो, टेम्पो सुटतो. पण ही स्मृती विजेवर जगते. पोच दिली आणि लाइट गेली तर? म्हणून कार्डाला काडेपेटीहून थोडी मोठी एक बॅटरी जोडलेली असते. सर्व्हर बंद पडला तरी ती स्मृतीला मॉडेलप्रमाणे दोन-तीन दिवस जागं ठेवते, आणि वीज आली की राहिलेल्या नोंदी डिस्कवर उतरतात.

या कार्डाचा स्वभाव मला फार आवडला. बॅटरी थकली असं वाटताच ते घाईघाईनं पोच देणं थांबवतं. नोंद खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत होकार देत नाही. माहिती सुरक्षित, वेग गेला. गाळ्यात कोणाला काही कळत नाही, कारण बिघाड असा काही झालेलाच नसतो. इशारा असतो, पण तो कोणीही न उघडणाऱ्या नोंदवहीत. काही कार्डं तर ठरावीक मुदतीनं आपणहून बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरतात, तिची क्षमता अजमावायला. तेवढे तास सर्व्हर मंदावतो आणि मग आपोआप सुधारतो. अशा वेळी बोलावलेल्या माणसानं केवळ रीस्टार्ट करून यश मिळवल्याच्या कथा सर हसत सांगतात.

लगेच बॅटरीवर बोट ठेवायचं नाही, ही त्यांची शिस्त. आधी प्रत्येक डिस्क एकेकटी तपासतात. रांगेतली एक आजारी असली की सगळ्या तिच्या चालीनं चालतात. घरगुती वापराची स्वस्त डिस्क एखादा खराब भाग वाचताना बराच वेळ झगडत बसते. सर्व्हरसाठी बनवलेली साधारण सात सेकंदांत हार मानून कार्डाला कळवते. मग धक्क्यांचा विचार. ब्रेंडन ग्रेग या अभियंत्यानं 2008च्या अखेरीस डिस्कांच्या रॅकसमोर उभं राहून जोरात ओरडून दाखवलं होतं. आलेखावर डिस्कांचा विलंब लगेच उसळला. बुखारेस्टमध्ये 2016 साली एका बँकेच्या डेटा सेंटरात आग विझवण्याच्या वायूची चाचणी झाली, आणि वायू सुटतानाच्या आवाजानं कित्येक हार्ड डिस्क निकामी झाल्या. वालीवमध्ये भिंतीपलीकडे पॉवर प्रेस ठोकत असते. एका गाळ्यात जेवणाच्या सुट्टीतच सर्व्हर सुरळीत चालायचा, असं सर सांगतात. त्यांनी रॅक त्या भिंतीपासून हलवला, खाली रबर घातलं, एवढंच.

या माळ्यावर मात्र गुन्हेगार बॅटरीच होती. आदेश टाकला, पडद्यावर ओळ आली: बॅटरी बदलावी, पोच-पद्धत बंद.

आणि खऱ्या अडचणी इथून सुरू झाल्या. शेठचा पहिला प्रश्न असा की ती पद्धत जबरदस्तीनं चालू करता येते का? येते. कार्डात तशी सोय आहे, आणि कित्येक ठिकाणी ती वापरलेली सरांनी पाहिली आहे. एका क्लिकमध्ये सर्व्हर पळू लागतो, व्हेंडरचं कौतुक होतं. लाइट जाईपर्यंत. यूपीएस आहे ना, असं उत्तर येतं. पण यूपीएसचीही बॅटरी तितकीच म्हातारी असते, आणि सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएस काय करणार? अर्धवट लिहिलेला मजकूर आणि न जुळणारा ताळा घेऊन डिस्क उठतात. तेव्हा गेलेल्या नोंदी कोणत्या, हेही सांगता येत नाही.

ही भीती वसईत हवेतली नाही. जुलै 2018च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या आणि वसई परिसराच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. दोन-तीन दिवस टिकणारी नवी बॅटरीसुद्धा अशा वेळी काठावर येते. तीन-चार वर्षांची, माळ्याच्या पत्र्याखाली तापलेली लिथियमची बॅटरी काही तासही धरेल याची खात्री नाही. नव्या कार्डांत यावर उपाय निघाला आहे: वीज जाताच स्मृतीतला मजकूर लगेच कायमच्या चिपवर उतरवायचा, आणि तेवढ्या क्षणांपुरती ऊर्जा कपॅसिटरमधून घ्यायची. मग वीज आठवडाभर आली नाही तरी चालतं. पण गाळ्यांतले सर्व्हर बरेचदा दुसऱ्या हाताचे असतात. त्यांच्या कार्डांची बॅटरी कंपनीनं बनवणं थांबवलेलं असतं, आणि बाजारात मिळते ती 'नवी' म्हणून विकलेली, पण कपाटात पडून म्हातारी झालेली.

वार्षिक देखभालीचा (एएमसी) करारही शेठनी दाखवला. त्यात डिस्क होत्या, पंखा होता, वर्षातून इतक्या भेटी होत्या. बॅटरी नव्हती, 'कंझ्युमेबल' म्हणून वगळलेली. पैसे वाचतात ते नेमके त्या वस्तूवर जिच्या जिवावर सगळा वेग उभा आहे. मला हा निव्वळ अडाणीपणा वाटत नाही. करार लिहिणाऱ्याला बॅटरी काय करते हे नीट माहीत असतं. ती खात्रीनं मरते, म्हणूनच तो ती वगळतो. सरांनी त्या दिवशी पद्धत जबरदस्तीनं चालू करायला साफ नकार दिला. बॅटरी मागवली, आणि ती येईपर्यंत बिलं दुपारपासूनच थोडी थोडी भरा, असं सांगितलं. शेठ नाराज झाले. पुढच्या कामाला दुसरा माणूस बोलावतील, असं सर जिना उतरताना म्हणाले.

ज्यांच्या गाळ्यात, दवाखान्यात किंवा पतपेढीत असा सर्व्हर आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या तंत्रज्ञाकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: रेड कार्डावरची बॅटरी कोणत्या महिन्यात बसवली, आणि पोच-पद्धत आपोआप चालू आहे की जबरदस्तीनं. तपासायला फार तर अर्धा तास लागतो, आणि त्यासाठी सर्व्हर बंदही करावा लागत नाही.