विश्लेषण : पूर आणणारी कयाधू नदी उन्हाळ्यात कोरडी का पडते?

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी नामदेव आणि हिंगोली शहर ही दोन्ही ठिकाणे कयाधूच्या काठी आहेत. पावसाळ्यात शेतात शिरणारी ही नदी उन्हाळ्यात मात्र डबक्यांपुरती उरते. याला फक्त पाऊस जबाबदार आहे का?

कयाधू कुठून वाहते?
वाशीम जिल्ह्यात उगम पावणारी कयाधू सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून वाहत पुढे पैनगंगेला मिळते. तिचे पाणी शेवटी गोदावरीत जाते.

प्रवाह का थांबतो?
हा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत. पाऊस थांबल्यावर हेच भूजल झिरपून नदीला मिळते. हळदीसारख्या आठ-नऊ महिन्यांच्या पिकासाठी विहिरी, बोअरवेलमधून उपसा वाढला, की भूजल पात्राच्या खाली जाते आणि नदीचा झरा तुटतो.

वाळू उपशाने काय बिघडते?
वाळूच्या कणांमधील पोकळीत पुराचे पाणी मुरते आणि काठच्या विहिरींना मिळते. वाळू उपसली की ही साठवण जाते. पात्र खोल गेल्याने विहिरींचे पाणीही खाली उतरते, काठ ढासळतात.

सांडपाणी जास्त घातक कधी?
प्रवाह आटल्यावर. पाणी कमी असल्याने घाण पातळ होत नाही. ती कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरतात. या प्राणवायूची मागणी, म्हणजेच ‘बीओडी’, स्नानायोग्य पाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले.

पाणी वळवण्याला विरोध का?
खरबी येथे बंधारा बांधून कयाधूचे पाणी ईसापूर धरणात वळवण्याच्या योजनेला जिल्ह्यातून विरोध झाला. पुराचे पाणी गेले तर काठच्या विहिरी कशाने भरणार, हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे.

उपाय काय?
• नुसते पात्र खोल करून भागत नाही. उगमाकडील ओढ्यांपासून, माथा ते पायथा पाणी अडवावे लागते.
• सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडावे.
• दरवर्षी पुरासोबत येते त्यापेक्षा जास्त वाळू काढू नये.
• हळदीला ठिबक सिंचन वापरल्यास उपसा कमी होतो.

काठच्या विहिरीला मार्चमध्ये किती पाणी आहे, यावरून नदीची तब्येत कळते. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.