माती, गादी आणि खाशाबा

कुस्ती म्हटली कीं आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांसमोर तांबड्या मातीचा हौदा उभा राहतो. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती मऊ माती पडणाऱ्या मल्लाला झेलून घेते. अनवाणी पाय तींत रुततात आणि प्रतिस्पर्धी चीत होईपर्यंत झुंज चालते. ऑलिंपिकमध्यें हें सारें पालटतें. खालीं गादी, पायांत बूट, वेळ मोजून दिलेला. पाठ टेकली नाहीं तरी पंचांच्या कौलानें निकाल लागावयाचा. हा भेद ध्यानीं घेतल्यावांचून खाशाबा जाधव यांच्या कामगिरीचें मोल उमगणार नाहीं.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडजवळील गोळेश्वर या खेड्यांत झाला. वडील दादासाहेब हेच पहिले वस्ताद. अंगलट किरकोळ, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा आवडता डाव. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांतून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत गेले. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनला पोहोंचले. गादीचा सराव असा नव्हताच. रीस गार्डनर या अमेरिकन शिक्षकानें तेथें नव्या पद्धतीचे धडे दिले आणि ५२ किलो गटांत त्यांना सहावा क्रमांक मिळाला. मातींत वाढलेल्या मल्लाला तो मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें हेलसिंकीची वेळ आली, ती पैशाची चिंता घेऊनच. सरकारदरबारीं पुरेसें साह्य मिळेना. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली आणि प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यावर एवढा भरंवसा टाकणारे गुरुजन फार नसतात.

१९५२ च्या जुलैमध्यें ५७ किलो गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना हरविलें. अखेरीस गांठ पडली ती जपानचे शोहाची इशी आणि रशियाचे राशिद मामेदबेकोव यांच्याशीं. एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोंच दुसरीस उभें राहण्याचा हुकूम झाला. मध्यें अर्धा तास विश्रांति मिळावी असा नियम होता. पण तो पंचांपुढें ठणकावून सांगणारा एकहि भारतीय अधिकारी जवळ नव्हता. थकलेल्या अंगानें ते उतरले व हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळालें. कोल्हापूरचेच केशव माणगावे ६२ किलो गटांत चौथे आले, हेंहि विसरूं नये.

खाशाबांचें तें पदक स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरें यावयास १९९६ साल उजाडलें. तें लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें मिळविलें.

कऱ्हाडला दीडशेंवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक आटोपल्यावर खाशाबांनीं काय केलें? कुस्त्यांचे फड भरविले आणि त्या उत्पन्नांतून खर्डेकरांचें ऋण फेडलें. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. पदोन्नति मात्र सावकाश मिळाली. निवृत्तीनंतर लौकरच, १९८४ सालीं, रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार लाभला तो मृत्यूनंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळीं दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें.