टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाला जायचे? तयारी दोन महिने आधी करा



आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेत पत्रांचे एखादे पुडके असेल, तर ते टाकून देऊ नका. १९७९ सालापासून टपाल खात्याने शेती आणि ग्रामीण जीवनाची चित्रे असलेली तिकिटे काढली. कालव्याचे पाणी, अंड्यातून बाहेर येणारे पिल्लू, मक्याची काढणी, कापूस, रबराचा चीक अशी ती चित्रे आहेत. त्याआधी १९६८ साली गव्हाच्या क्रांतीचे खास तिकीट निघाले होते. ही तिकिटे जमवता जमवता शेतकऱ्याच्या मुलाला देशाच्या शेतीचा इतिहास घरबसल्या कळतो.

असा छंद आता गावोगावच्या शाळांतून दिसतो. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याने २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिची रक्कम वर्षाला ६००० रुपये आहे. पण मुलाचे डोळे खरे उघडतात ते मोठ्या प्रदर्शनात. तेथे राज्यभरचे संग्राहक जमतात, जाणकार परीक्षक संग्रह तपासतात आणि मुलाच्या शंकांना उत्तर देणारी माणसे भेटतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'महापेक्स' हे राज्य पातळीवरचे प्रदर्शन भरले होते, ते याच प्रकारचे.

अशा ठिकाणी गावची मुले कमी दिसतात. संग्रह कमी पडतो असे नाही, आणि दर वेळी पैसाच आड येतो असेही नाही. बहुतेक वेळा आड येतो तो उशीर. वाफसा गेल्यावर तिफण जुंपून जसा उपयोग नाही, तसेच हे आहे.

तारखेपासून मागे मोजा

रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. समजा २१ जानेवारीला निघायचे आहे, तर आरक्षण २२ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता उघडते. त्या दिवसांत आपल्याकडे काय चालते, ते आठवा. कापसाची वेचणी ऐन भरात असते, हरभरा-गव्हाची पेरणी असते आणि घरातल्या कोणालाही मान वर करायला सवड नसते. म्हणून प्रदर्शनाची तारीख कळताच आरक्षणाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी. काही टपाल कचेऱ्यांतही रेल्वे आरक्षणाची खिडकी असते. तालुक्याला बाजारासाठी जाल तेव्हा चौकशी करावी.

'तत्काळ'वर विसंबू नये. ते प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडते, भाडे जादा पडते आणि पक्के झालेले तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धे भाडे पडते, पण मग झोपायला वेगळी जागा मिळत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर पूर्ण भाडे भरून मुलासाठी जागा घ्यावी. रात्रभर अवघडून बसलेले मूल सकाळी प्रदर्शनात पेंगत राहते.

एस.टी.ने जाणार असाल तर खर्च आणखी बेताचा होतो. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मुलाबरोबर आईने किंवा आजीने जावे, हे यासाठीही सोयीचे.

मुक्कामाची सोय आधी, पिशवी भरणे नंतर

माझ्या माहितीतले एक शेतकरी मुलाला घेऊन रात्री मुंबईत उतरले. वाटले, कुठेतरी खोली मिळेल. दोन-तीन ठिकाणी नकार मिळाला, एका ठिकाणी भाडे ऐकून तेच परत फिरले. बापलेकांनी रात्र फलाटावर काढली. वही उशाला घेतलेली. दवाने आणि घामाने पाने ओलावली आणि मागे गोंद असलेली कोरी तिकिटे एकमेकांना चिकटली. तीन वर्षांची जमवाजमव एका रात्रीत खराब झाली. पोरगा प्रदर्शनाच्या दारापर्यंत गेला, पण वही उघडून दाखवायला तयार होईना.

असे होऊ नये म्हणून मुक्कामाचे तीन मार्ग आधीच पाहून ठेवावेत.

पहिला मार्ग नातलगांचा. मुंबईची खोली लहान असते. महिनाभर आधी विचारावे, किती जण आणि किती रात्री ते स्पष्ट सांगावे. जाताना शेंगदाणे, ज्वारी, घरची डाळ न्यावी. पाहुण्याचे ओझे त्याने हलके होते.

दुसरा मार्ग रेल्वेच्या विश्रामगृहाचा. मोठ्या स्थानकांवर खोल्या असतात, काही ठिकाणी एकेका खाटेचीही सोय असते. त्यासाठी प्रवासाचे तिकीट पक्के किंवा आर.ए.सी. असावे लागते. म्हणजे वेळेवर आरक्षण केले, तर मुक्कामाचाही एक दरवाजा उघडतो.

तिसरा मार्ग धर्मशाळा किंवा साध्या लॉजचा. आधी फोन करून भाडे, अनामत आणि खोली सोडण्याची वेळ विचारून घ्यावी. सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवावीत. कफ परेड मुंबईच्या दक्षिण टोकाला आहे. स्वस्त मिळते म्हणून दूरच्या उपनगरात उतरलात, तर सकाळच्या लोकलच्या गर्दीत मूल आणि वही दोन्ही सांभाळणे अवघड होईल.

गोठा आणि पाणी कोण पाहणार?

शहरातल्या माणसाला कुलूप लावून निघता येते, आपल्याला येत नाही. धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार, गव्हाची पाणीपाळी त्या दिवसांत आली तर मोटार कोण चालू करणार, हे आधी ठरवावे. शेजारी किंवा भावकीत बोलून ठेवावे आणि त्यांच्या अडीनडीला आपण उभे राहावे. धार काढणाऱ्या माणसाची जनावरांना आठ दिवस आधीपासून सवय करावी. नवा हात लागला की काही गाई पान्हा चोरतात. गाभण जनावराचे दिवस भरत आले असतील, तर घरच्या एका जाणत्या माणसाने मागे राहावे.

संग्रह मांडायचा असेल तर

नुसते पाहायला जाणे वेगळे आणि संग्रह मांडणे वेगळे. मांडणीसाठीचे अर्ज प्रदर्शनाच्या बरेच आधी घेतात. नियम आणि मुदत मुख्य टपाल कचेरीतून मिळवावी. एका चौकटीत साधारणपणे ए-४ आकाराची १६ पाने बसतात. कोणत्याही विषयाची तिकिटे एकत्र न भरता एकच विषय घ्यावा. 'पाणी आणि पीक' हा विषय आपल्या मुलाइतका कोणाला कळणार? तिकिटे डिंकाने चिकटवू नयेत आणि चिमट्याने उचलावीत. वही कोरड्या कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवावी, डब्याच्या वरच्या फळीवर टाकू नये.

तेथे विक्रीची दुकानेही असतात. मुलाच्या हाती ठरावीक रक्कम द्यावी आणि ती संपली की खरेदी संपली, असे आधीच सांगावे.

बंधू-भगिनींनो, बियाणे, खत, मजूर या सर्वांची आगाऊ तजवीज आपण दर हंगामात करतो. तीच सवय मुलाच्या छंदाला लावायची आहे. आज संध्याकाळी मुलाची वही एकदा हातात घेऊन पाहा. पुढच्या बाजाराच्या दिवशी टपाल कचेरीत जाऊन यंदाच्या प्रदर्शनाची तारीख विचारा आणि तेथून ६० दिवस मागे मोजा.