पडती भिंत सावरणारे हात

कुरआन शरीफच्या अठराव्या अध्यायात, म्हणजे सूरह अल-कहफमध्ये, एका भिंतीची गोष्ट येते. अनेक मुस्लिम घरांत दर शुक्रवारी हा अध्याय वाचला जातो. हजरत मूसा आणि त्यांचे सोबती, ज्यांना परंपरेने हजरत खिज्र म्हटले जाते, प्रवास करता करता एका वस्तीत पोहोचतात. दोघे वस्तीतल्या लोकांकडे जेवण मागतात. पण कोणीही त्यांचा पाहुणचार करत नाही. तिथेच त्यांना एक भिंत दिसते. आता पडेल की मग पडेल, अशी तिची अवस्था असते. खिज्र ती भिंत नीट उभी करून देतात. मूसांना राहवत नाही. ज्यांनी भाकरतुकडाही विचारला नाही, त्यांच्या गावात फुकट राबायचे? निदान मजुरी तरी घ्यायची होती, असे ते बोलून जातात.

उत्तर नंतर मिळते. ती भिंत दोन यतीम, म्हणजे अनाथ मुलांची असते. तिच्याखाली त्यांच्या हक्काचे धन पुरलेले असते. मुलांचे वडील नेक माणूस होते. मुले मोठी व्हावीत आणि आपले धन त्यांनी आपल्या हाताने काढून घ्यावे, तोवर भिंत टिकावी, अशी अल्लाहची इच्छा असते.

माणसाला सगळेच कळत नाही, म्हणून घाईने बोलू नये, हा या गोष्टीचा नेहमी सांगितला जाणारा बोध आहे. पण गोष्टीतले काम पाहिले तर ते साध्या घरदुरुस्तीचे आहे. वाटेने जाणारा एक माणूस परक्या गावात थांबतो, दुसऱ्याची पडकी भिंत सावरतो आणि पुढे निघून जातो. मुलांचे जे होते ते मुलांचेच राहते. रमजानमध्ये जकात, सदका, फितरा यांचे हिशेब घरोघरी चाललेले असताना मदतीचा हा प्रकार आठवण्यासारखा आहे. महाराष्ट्रात तो एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडला आहे, आणि त्यातल्या बायका पुढे परक्या गावांतही गेल्या.

घराचीच भीती

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि छपराखाली दबून गेली.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात हे घर गार राहते, हिवाळ्यात ऊब धरते. पण त्याच्यात दोन दोष होते. भिंत दोन-दोन, तीन-तीन फूट जाड दिसत असली तरी ती एकसंध नसे. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड क्वचितच असे. जमीन हलली की हे थर एकमेकांपासून सुटत आणि भिंत फुगून कोसळे. दुसरा दोष डोक्यावर होता. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची रीत. जुनी काढायची नाही, वर नवी चढवायची. वर्षानुवर्षे हे ओझे वाढत गेले.

पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्यांची चर्चा खूप झाली. पण त्यापलीकडे लाखाहून अधिक घरे अशी होती, की जी पडली नव्हती; फक्त तडकली होती. त्यांच्यासाठी सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आखला. मदतीची रक्कम हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळणार आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचे, अशी व्यवस्था होती.

कागदावर हे सोपे होते. गावात तसे नव्हते. ज्या दगडाने शेजारचे घर गिळले, त्याच दगडाच्या घरात परत झोपायचे कसे? लोक अंगणातल्या पत्र्याखाली राहत होते. दगडाचा धसका इतका बसला होता, की पैसे मिळाले तरी ते जुन्या भिंतीला लावायची कोणाची तयारी नव्हती. जुने घर तसेच ठेवून बाजूला सिमेंटची एखादी खोली काढावी, असेच बहुतेकांना वाटे. तेवढ्या पैशांत ती पुरी होणे कठीण होते.

बायकांनी वाचलेली भिंत

इथे एक वेगळी गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने या कार्यक्रमात लोकांचा सहभाग वाढवण्याचे काम हाती घेतले. गावोगावच्या महिला मंडळांतून बायका पुढे आल्या. त्यांना नाव मिळाले 'संवाद सहायक'. हजारावर गावांत हे काम पोहोचले. कोणत्या घराला किती मदत मंजूर आहे, पुढचा हप्ता कधी मिळेल, सिमेंट किती लागेल, गवंड्याने काय करायचे आणि काय टाळायचे, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या.

आधी अनेकांना हे पटले नाही. बांधकाम हे पुरुषांचे आणि गवंड्यांचे काम, त्यात बायकांना काय कळणार, हा प्रश्न आलाच. पण घराची डागडुजी पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच हाताखालून जात आलेली आहे. सारवायचे त्यांनी, भिंत लिंपायची त्यांनी. पावसात माळवद कुठे ठिबकते आणि कोणत्या कोपऱ्यात ओल येते, हे घरातल्या बाईइतके कोणाला ठाऊक असते?

मजबुतीकरणाची रीत समजायला अवघड नव्हती. भिंतीतला एखादा दगड हलक्या हाताने काढायचा, तिथून पलीकडच्या थरापर्यंत आरपार वाट करायची, त्यात लोखंडी सळी ठेवून काँक्रीट भरायचे. असे ठरावीक अंतरावर केले की बाहेरचा आणि आतला थर एकमेकांना धरून ठेवतात. घराच्या चारी बाजूंनी जाळी आणि सिमेंटचा पट्टा बांधायचा, म्हणजे भिंती एकमेकींपासून सुटत नाहीत. कोपरे आवळून घ्यायचे. लाकडी खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरके टेकू ठोकायचे. आणि माळवदावरची जादा माती उतरवून वीतभर थर ठेवायचा. पाणी अडवायला मातीखाली प्लास्टिकचा कागद पुरतो.

या यादीतले एक काम सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त विसरले जाणारे: पाणी मारणे. सिमेंटला दिवसच्या दिवस पाणी मिळाले नाही, तर वरून चांगला दिसणारा पट्टा आतून भुसभुशीत राहतो. पाण्याची टंचाई असलेल्या मराठवाड्यात हे पाणी दुरून डोक्यावर आणणार कोण? तेही बायकांनीच आणले. म्हणूनच कोणता पट्टा पक्का झाला आणि कोणता नाही, हे त्या छातीठोकपणे सांगू शकत होत्या.

या कामातून घरे सावरली, त्यासोबत घराविषयीची भीतीही कमी होत गेली. भिंत का पडली हे ज्याला कळते, त्याला ती कशी टिकेल हेही कळू लागते. अंगणात झोपणारे कुटुंब परत आत जायला लागते ते या समजुतीमुळे.

घेणारे हात देणारे झाले

२६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिनाची सकाळ. पावणेनऊच्या सुमाराला कच्छ हादरले. भुज, अंजार, भचाऊ, रापर या भागात हाहाकार उडाला. देशभरातून अन्न, कपडे, तंबू रवाना झाले. लातूर-धाराशिवच्या बायकाही निघाल्या. हजारेक किलोमीटरचा प्रवास, भाषा वेगळी, माणसे अनोळखी. पैसे वाटावेत अशी त्यांची ऐपत नव्हती. त्या शेतकरी आणि शेतमजूर घरांतल्या होत्या, सात-आठ वर्षांपूर्वी स्वतःच मदतीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या.

त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती: हे आपल्यावर गुजरले आहे आणि आपण त्यातून उठलो आहोत, हा अनुभव. कच्छच्या गावांत हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, पशुपालक आहेत, शेतकरी आहेत. तिथल्या बायकांजवळ बसून त्यांनी आपल्या गावात काय घडले ते सांगितले. नुसती मदतीची वाट बघू नका. एकत्र या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारा, गवंड्याच्या कामावर नजर ठेवा, आपले घर आपण उभे करा. असे सांगणारी बाई शहरातून आलेली तज्ज्ञ असती, तर कदाचित ऐकून सोडून दिले असते. पण सांगणारीच्या डोक्यावरचे छप्परही कधीकाळी असेच कोसळले होते.

गुजरातमध्ये पुढे घरमालकानेच आपले घर उभारायचे आणि सरकारने पैसा आणि तांत्रिक मदत द्यायची, हे धोरण मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. मराठवाड्याचा अनुभव त्यांच्यासमोर होता. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा या बायका तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या.

कच्छने पाहुण्यांना शिकवावे असेही काही होते. बन्नी भागातले 'भुंगे', म्हणजे गोल भिंतींची, वर गवती छपराची घरे, त्या भूकंपात पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली. गोल भिंतीला निखळायला कोपरा नसतो आणि छप्पर हलके असते. मदतीला जाणाऱ्याने पहिल्या दिवशी हातात थापी घेण्याआधी गावातले काय टिकले आणि का टिकले, हे पाहावे, तेही गावातल्याच माणसाला विचारून.

मदतीचे पथ्य

परक्या गावात घरदुरुस्तीला जाणाऱ्या तरुणांचे गट आता ठिकठिकाणी दिसतात. पूर असो, वादळ असो, मशिदीची जमात, गणेश मंडळ, गुरुद्वाराची सेवा, महाविद्यालयाचे शिबिर, सगळीकडून हात येतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण घराचे काम हे ताटात जेवण वाढण्यासारखे नसते. घर उद्याही तिथेच असणार आहे आणि आपण नसणार आहोत. म्हणून चूल कुठे, खिडकी कुठे, हे घरच्या बाईला विचारावे. गावच्या गवंड्याला सोबत घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी भेग पडली तर बुजवणारा जवळ असेल. गावात मिळेल असेच सामान वापरावे. ज्याचे घर आहे त्याला बाजूला खुर्चीत बसवून ठेवू नये. त्यालाही घमेले उचलू द्यावे. आणि तडकलेल्या भिंतीपुढे त्याला उभे करून फोटो काढण्याची घाई करू नये.

हे शेवटचे पथ्य रमजानच्या शिकवणीतले आहे. उपकार बोलून दाखवून किंवा समोरच्याला दुखावून दिलेले दान वाया जाते, अशी कुरआनची स्पष्ट ताकीद आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनीही मदिनेत मशीद उभी राहताना इतरांसोबत स्वतः विटा वाहिल्या. देणारा वर आणि घेणारा खाली, असे त्या रांगेत काही नव्हते.

जकात कोणाला द्यावी याचे धर्माने ठरवून दिलेले नियम आहेत. सदक्याला मात्र धर्माची, जातीची किंवा नात्याची अट नाही. श्रमही सदक्यातच मोजले जातात. ज्याच्याजवळ रक्कम नाही त्याच्याजवळ सकाळचे चार तास असू शकतात. रोजा ठेवून उन्हात राबवत नसेल तर ईदनंतरचा रविवार आहे. पावसाळ्याआधी वेळ हाताशी असतो.

गल्लीत, शेजारच्या वाडीवर, आजोळच्या गावात असे एखादे घर असतेच. एकटी म्हातारी बाई असते, किंवा वडील गेलेली लेकरे. पाहायचे ते एवढेच: भिंतीला पोट आले आहे का? कोपऱ्यात उभी भेग गेली आहे का? माळवदावर मातीचे थर साठले आहेत का? पहिल्या वळवाच्या आधी पन्हळ मोकळी आहे का? भेग मोठी असेल तर जाणता गवंडी किंवा अभियंता बोलवावा. लहान कामाला दोन माणसे, एक शिडी आणि शेजारच्या घरातला चहा पुरतो. रोजेदारांसाठी तो चहा इफ्तारनंतर.

मूसांनी विचारलेला मजुरीचा प्रश्न वाजवी होता. काम करणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे, हा इस्लामचाही आग्रह आहे. पण काही भिंती अशा असतात की त्यांचे मालक अजून लहान असतात, म्हाताऱ्या असतात किंवा भेदरलेले असतात. त्या भिंतींना त्यांचे मालक सावरेपर्यंत उभे राहायचे असते. तेवढा काळ त्यांना मिळवून द्यायचा आणि आपल्या वाटेने निघायचे.