मंडळीवर रुसणे आणि मंडळीत राहणे

मराठी ख्रिस्ती समाजात इमारतीला चर्च म्हणतात. पण तेथे जमणाऱ्या समुदायाला शब्द आहे 'मंडळी'. हा शब्द मोठा अडचणीचा आहे. धर्म चांगला पण मंडळी वाईट, असे म्हणून मोकळे होता येत नाही; कारण मंडळी वजा केली तर उरतात त्या चार भिंती. मग मंडळीतल्या माणसांचाच वीट आला तर करावे काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा प्रश्न २४ वर्षे वागवला, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात पडले. १९०४ साली पाळक झाले. मिशनरी प्रेमळ होते, पण तिजोरीची किल्ली आणि शेवटचा शब्द त्यांचाच. हिंदी कार्यकर्ता कितीही जाणता असला तरी तो पगारी माणूस. दुसरे दुःख आपल्याच लोकांचे : परक्या चालींची गाणी, परका थाट आणि ऊठसूट मिशनच्या तोंडाकडे पाहण्याची सवय. (लोकांनाही टिळक जड जात असणारच. त्यांचा तापट, लहरी स्वभाव लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मुळीच झाकलेला नाही.)

टिळक नुसते कुरकुरत बसले नाहीत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनाला उभे राहिले. कामगार चळवळीतला माणूस म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. युनियनच्या चिटणिसावर चिडून वर्गणी बंद करणारे सभासद मी पुष्कळ पाहिले आहेत. चिटणीस जागच्या जागीच राहतो; सभेत त्याला जाब विचारणारा तेवढा एक कमी होतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, मंडळी सोडली नाही. ज्याचे मीठ खावे त्याला सडेतोड बोलणे किती अवघड, हे पगारी माणसालाच ठाऊक. म्हणून मालक निराळा आणि संघटना निराळी, हा त्यांनी केलेला भेद मला नेमका वाटतो. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत, हा हेतू. नवा पंथ काढायचा नव्हता.

मात्र राहणे म्हणजे मुकाट्याने राहणे नव्हे. जेथे दुबळ्यावर अन्याय होतो आणि तो सांगणाऱ्याचेच तोंड बंद केले जाते, तेथे बसून राहण्याचा उपदेश कोणी कोणाला करू नये. टिळकांची अडचण त्या जातीची नव्हती. त्यांना बोलायला जागा होती. मिशनच्याच 'ज्ञानोदया'चा मराठी भाग त्यांनी संपादिला.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. त्यांच्यामागे दरबार फारसा वाढला नाही. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यांची गीते मराठी मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला अजून गायली जातात.