नवं सॉफ्टवेअर बसवायचं, पण कुठे?

उबंटूवर एखादं सॉफ्टवेअर ‘ॲप्ट’ने बसवलं, की त्याच्या फायली कुठे गेल्या याची चौकशी कुणी करत नाही. तशी गरजही नसते. अडचण येते ती हवं ते सॉफ्टवेअर ॲप्टकडे नसलं, किंवा असूनही जुनाट आवृत्तीतलं असलं, तर. मग मूळ कोड उतरवून घ्यायचा, कंपाइल करायचा आणि शेवटी ‘सुडो मेक इन्स्टॉल’ म्हणायचं. हे एंटर दाबण्याआधी जागा ठरलेली असावी.

युनिक्सच्या घराण्यात विंडोजसारखे सी, डी ड्राइव्ह नसतात; सगळ्या फोल्डरांचं एकच झाड असतं. त्यातला सर्वांत गजबजलेला भाग म्हणजे ‘/यूएसआर’, आणि तो असा गजबजला तो नाइलाजाने. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची पीडीपी-११वर युनिक्स घडवत होते. यंत्रणा फुगत गेली आणि पहिल्या डिस्कवर मावेना. वापरकर्त्यांच्या फायलींची दुसरी डिस्क ‘/यूएसआर’ नावाने जोडलेली होती, तिथे जास्तीचे प्रोग्राम सरकवले गेले. डिस्कची टंचाई कधीच मिटली, तरी ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ अशी दोन बिऱ्हाडं पुढे कित्येक दशकं नांदली. फेडोराने ती एकत्र केली २०१२मध्ये.

आज ‘/यूएसआर’चा कारभार ॲप्टसारख्या पॅकेज मॅनेजरकडे आहे. स्वतः बसवलेल्या प्रत्येक फायलीची नोंद तो ठेवतो. तिथे कुणी हाताने फाईल टाकली तर त्याच्या वहीत ती नसतेच. उद्या त्याच नावाची फाईल घेऊन एखादं पॅकेज आलं, की हाताने टाकलेली फाईल बिनबोभाट पुसली जाते.

यावरचा जुना उपाय म्हणजे ‘/यूएसआर/लोकल’. कोणत्या फोल्डरात काय असावं हे सांगणारं ‘फाईलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड’ २०१५मध्ये तिसऱ्या आवृत्तीला पोचलं. यंत्रणा अपडेट होताना या जागेतल्या फायलींना धक्का लागता कामा नये, असं त्यात बजावलं आहे. ग्नूच्या पद्धतीने बांधलेला कोडही, वेगळं काही सांगितलं नाही, तर तिथेच जातो.

पण जागा सुरक्षित असली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. समजा, कुणी पायथनची नवी आवृत्ती तिथे बसवली. डेबियनवर आज्ञा शोधताना ‘/यूएसआर/लोकल/बिन’ आधी पाहिलं जातं, ‘/यूएसआर/बिन’ नंतर. म्हणजे ‘पायथन३’ म्हटलं की आता नवागत ओ देणार! ज्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुन्या पायथनचा पूर्ण पत्ता आहे ती तरते. जी नुसतं नाव पुकारते ती नव्याच्या हाती सापडते, आणि ॲप्टशी जोडलेलं मॉड्यूल त्याच्याकडे नसल्याने ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणत कोलमडते. ‘टाइप -ए पायथन३’ ही आज्ञा दोन्ही पत्ते, आधी कुठला लागतो त्या क्रमाने, दाखवते. पायथन बांधणाऱ्यांनी या घोटाळ्यासाठी ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ची सोय ठेवली आहे: तिने ‘पायथन३.१२’सारखं आवृत्तीचं पूर्ण नावच बसतं, ‘पायथन३’ला हात लागत नाही. २०२३च्या डेबियन १२पासून तर पायथनची पॅकेजं बसवणारा ‘पिप’सुद्धा यंत्रणेच्या पायथनमध्ये थेट लुडबुड करायला नकार देतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा म्हणतो. नवशिके वैतागतात, पण नकार रास्त आहे.

‘/यूएसआर/लोकल’चा दुसरा ताप काढून टाकताना कळतो. दहा सॉफ्टवेअरच्या फायली ‘बिन’, ‘लिब’, ‘शेअर’मध्ये मिसळलेल्या असतात आणि ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय सगळेच देत नाहीत. ‘/ऑप्ट’मध्ये ही भानगड नाही. तिथे प्रत्येकाचं स्वतंत्र फोल्डर. गूगल क्रोम राहतो ‘/ऑप्ट/गूगल/क्रोम’मध्ये. मात्र आज्ञा शोधणाऱ्या यादीत ही जागा सहसा नसते, म्हणून क्रोमचं पॅकेज ‘/यूएसआर/बिन’मध्ये एक दुवा ठेवून देतं. मॅकवरच्या होमब्रू या पॅकेज मॅनेजरचंही बिऱ्हाड हललं आहे: इंटेलच्या यंत्रांवर तो ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असे, ॲपलच्या स्वतःच्या चिपवर तो ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये गेला. त्यामुळे एकाच मॅकवर दोन्ही जातींचे प्रोग्राम एकमेकांच्या पायात न येता राहू शकतात.

प्रयोगशाळेच्या सामायिक सर्व्हरवर सुडोचा अधिकारच नसेल, तर स्वतःच्या होममधलं ‘.लोकल’ उत्तम. बांधणीच्या वेळी ‘प्रीफिक्स’ म्हणून तोच पत्ता द्यायचा. चुकलंच तर नुकसान एकट्याचं. उबंटू त्यातलं ‘बिन’ शोधयादीत आपण होऊन घेतो, पण लॉगिनच्या वेळी ते फोल्डर अस्तित्वात असलं तरच. पहिल्यांदा बसवल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं, तर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं.